‘आय कॅन हार्डली वर्क’ आणि वॉर्डातली इतर वाक्यं

प्रश्न: मॅडम, मी मिरजेत एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. शाळा मराठी माध्यमाची, नंतर जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केला. इंग्लंडला जायचंय म्हणून सध्या ओईटीची, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी असलेल्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी चालू आहे. क्लासमध्ये मॉक इंटरव्ह्यू झाला. सरांनी विचारलं, नाइट ड्यूटी झेपेल का? मी ठणकावून सांगितलं, ‘येस सर, आय कॅन हार्डली वर्क, डे अँड नाइट.’ सगळा वर्ग हसला. सर एवढंच म्हणाले, ‘ॲडव्हर्बचा धडा परत वाच.’ वाचला. त्यात मॅनर, प्लेस, टाइम, फ्रिक्वेन्सी अशा याद्या आहेत. पण कॅन, कुड, एबल टू यांच्याबरोबर कुठला शब्द आधी आणि कुठला नंतर, ते काही उमगत नाही. ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती द्यायची असते, तो हँडओव्हर इंग्रजीत द्यायचा सराव करते, तेव्हाही नेमकी तिथेच अडखळते. कृपया नाव छापू नका.
एक वाचक, मिरज

उत्तर: नमस्कार. नाव छापलेलं नाही, निर्धास्त राहा.

आधी त्या हशाचं बघू. तुम्हाला म्हणायचं होतं, ‘मी लागेल तेवढे कष्ट करीन.’ तोंडून निघालं, ‘मला काम जेमतेमच जमतं, दिवसा काय नि रात्री काय.’ त्यात तुमचा दोष कमी आणि शाळेत पाठ केलेल्या नियमाचा जास्त. विशेषणाला ‘ली’ लावा, क्रियाविशेषण तयार, असं आपल्याला शिकवलेलं असतं. स्लो-स्लोली, क्लिअर-क्लिअरली, सेफ-सेफली इथपर्यंत ते चालतंही. ‘हार्ड’ मात्र विशेषण म्हणूनही तसंच आणि क्रियाविशेषण म्हणूनही तसंच. त्याला ‘ली’ चिकटलं की अर्थच पालटतो. म्हणून ‘आय कॅन वर्क हार्ड’ म्हणजे मी कष्ट करू शकते, आणि ‘आय कॅन हार्डली वर्क’ म्हणजे माझ्याच्याने काम जेमतेम होतं, जवळजवळ होतच नाही. ‘लेट’ आणि ‘लेटली’, ‘नियर’ आणि ‘नियरली’ याही अशाच फसव्या जोड्या. लेटली म्हणजे अलीकडे, नियरली म्हणजे जवळजवळ. ‘फास्ट’ला तर ‘ली’ लागतच नाही. ‘फास्टली’ हा शब्द आपल्याकडे बोर्डांवरसुद्धा दिसतो, पण परीक्षेत तो लिहू नका.

हार्डलीचं आणखी एक लक्षण लक्षात ठेवा. त्याच्या पोटात नकार आधीच बसलेला असतो, त्यामुळे ‘कान्ट हार्डली’ म्हणायचं नाही. ‘आय कॅन हार्डली हियर यू’ एवढं पुरे. ‘बेअरली’ आणि ‘स्केअर्सली’ यांनाही हेच लागू. स्केअर्सली वाचनात भेटेल, बोलण्यात फारसा भेटत नाही, तेव्हा त्यावर वेळ घालवू नका.

आता जागेचं. तुमचा घोटाळा इथे आहे आणि तो मराठी बोलणाऱ्या बहुतेकांचा असतो. मराठीत सगळं क्रियापदाच्या आधी मावतं. ‘मी पेशंटला सहज उचलू शकते’, ‘मला इंग्रजी नीट बोलता येत नाही’, ‘आजोबांना जेमतेम उभं राहता येतं’. सहज, नीट, जेमतेम यांची जागा एकच. इंग्रजीत हे तिघं एका ठिकाणी राहत नाहीत.

कितपत जमतं, कधी जमतं, अजून जमतं का, असं सांगणारे शब्द कॅनच्या लगेच मागे, म्हणजे कॅननंतर, आणि मुख्य क्रियापदाच्या पुढे, म्हणजे त्याच्या आधी बसतात: हार्डली, बेअरली, ओन्ली, स्टिल, नाऊ, ऑल्वेज, यूज्वली. ‘ही कॅन बेअरली स्टँड.’ ‘शी कॅन नाऊ सिट अप.’ काम कसं होतं ते सांगणारे शब्द मात्र वाक्याच्या शेवटाकडे, क्रियापद आणि त्याचं कर्म दोन्ही उरकल्यावर येतात: वेल, प्रॉपर्ली, फ्लुएंटली, क्लिअरली, इंडिपेंडंटली. ‘शी कॅन स्पीक इंग्लिश फ्लुएंटली.’ क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये काही घुसवायचं नाही, म्हणून ‘शी कॅन स्पीक फ्लुएंटली इंग्लिश’ हे कानाला खटकतं. आपल्याकडून सगळ्यात जास्त होणारी चूक ही, आणि सगळ्यात लवकर सुधारणारीही हीच.

‘ईझिली’ दोन्हीकडे चालतं, पण भाव किंचित बदलतो. ‘आय कॅन ईझिली डू टू नाइट्स’ यात ‘त्यात काय मोठंसं’ असा सूर आहे. ‘आय कॅन लिफ्ट हिम ईझिली’ यात उचलण्याचं काम विनासायास होतं, एवढंच. ‘वेल’ची जागा मात्र शेवटीच. ‘शी कॅन वेल स्पीक’ असं कोणी म्हणत नाही. ‘आय कॅन वेल इमॅजिन’ असं ऐकलं असेल, तर तो ठरून गेलेला वाक्प्रचार आहे, त्यावरून नियम काढायला जाऊ नका.

आता वॉर्डात जाऊ, कारण तुम्हाला हे जिथे वापरायचंय ती जागा हँडओव्हर आहे. समजा बेड नंबर सातवर एक आजोबा आहेत. पक्षाघाताचा झटका येऊन गेलाय, उजवी बाजू कमजोर आहे. पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरला तुम्ही सांगताय की त्यांना उभं राहता येतं. तेवढ्यावर ती काय करणार? एकटीने धरून उठवायचं, की दोघींनी, की उठवायचंच नाही? ‘ही कॅन स्टँड’ एवढं वाक्य व्याकरणात शंभर टक्के बरोबर आणि वॉर्डात निरुपयोगी. त्यातलं काम क्रियाविशेषणच करतं.

‘ही कॅन बेअरली स्टँड’ म्हणजे उभे राहतात, पण केव्हा कोसळतील नेम नाही. ‘ही कॅन ओन्ली जस्ट स्टँड’ याचा अर्थही जवळपास तोच. पण त्यातला ‘जस्ट’ गाळून ‘ही कॅन ओन्ली स्टँड’ म्हटलंत, तर ऐकणारीला कळेल की नुसते उभे राहतात, पाऊल टाकता येत नाही. आणि ‘ओन्ली’ गाळून ‘ही कॅन जस्ट स्टँड’ म्हटलंत, तर ती गोंधळेल, कारण त्याचे दोन्ही अर्थ होतात. एवढ्याशा शब्दाच्या असण्या-नसण्याने पेशंटला चालवायचं की नाही ते ठरतं. म्हणून हँडओव्हरमध्ये ‘जस्ट’ एकटा वापरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘ओन्ली’चंही तसंच. झटक्यानंतर पुष्कळांना पातळ पदार्थ गिळताना ठसका लागतो, म्हणून पाणी घट्ट करून देतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. ‘ही कॅन ओन्ली ड्रिंक थिकन्ड फ्लुइड्स’ असं बोलताना चालतं, कारण आवाजाचा जोर ‘थिकन्ड’वर पडतो आणि अर्थ कळतो. कागदावर जोर दिसत नाही. तिथे ‘ओन्ली’ ज्या शब्दाशी बांधायचाय त्याच्या अगदी पुढे ठेवा: ‘ही कॅन ड्रिंक ओन्ली थिकन्ड फ्लुइड्स.’ आता कोणी साधं पाणी देणार नाही.

इंडिपेंडंटली आणि अनएडेड हे दोन शब्द तर पाठच करून ठेवा. दोन्ही शेवटी येतात. ‘ही कॅन वॉश इंडिपेंडंटली’, म्हणजे आपलं आपण अंग धुतात. ‘ही कॅन नाऊ सिट अप अनएडेड’, म्हणजे आता आधाराशिवाय उठून बसतात. या दुसऱ्या वाक्यात दोन्ही जागा एकदम दिसतील: ‘नाऊ’ कॅनच्या मागे, ‘अनएडेड’ टोकाला. आणि जमेल तिथे अंतर सांगा, आधार सांगा. ‘ही कॅन हार्डली वॉक’पेक्षा ‘ही कॅन वॉक अबाउट फाइव्ह मीटर्स विथ अ फ्रेम’ हे केव्हाही चांगलं. जेमतेम म्हणजे किती, हे तुमचं एक असतं आणि रात्रपाळीच्या सिस्टरचं दुसरं.

नकार आला की खरी कसोटी लागते. ‘कान्ट’च्या अलीकडे शब्द ठेवला की एक अर्थ, पलीकडे ठेवला की दुसरा. ‘ही रिअली कान्ट स्वॉलो’ म्हणजे खरंच गिळता येत नाही, अजिबात नाही. ‘ही कान्ट रिअली स्वॉलो’ म्हणजे धड गिळता येत नाही, थोडंफार जातं. पहिलं ऐकून सिस्टर त्यांना निल बाय माउथ, म्हणजे तोंडाने काहीच न देता, ठेवायला सांगेल, दुसरं ऐकून कदाचित चमच्याने भरवून बघेल. शब्द तेच चार, जागा तेवढी हलली. नियम असा की नकाराच्या पुढे बसलेला शब्द नकारालाच बळ देतो, आणि नकाराच्या मागे बसलेला शब्द स्वतःच नाकारला जातो. तरी लेखी नोंदीत ‘रिअली’ नकोच. तिथे ‘ही कॅनॉट स्वॉलो सेफली’ लिहा. काय जमत नाही आणि कसं जमत नाही, दोन्ही त्यात आलं.

‘नेहमी’ने तर आपली हमखास फसगत होते. ‘तिला गोळी नेहमी गिळता येत नाही’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ निघतात: कधीकधी येत नाही, किंवा कधीच येत नाही. मराठीत बोलताना आवाजावरून निभावतं. इंग्रजीत आधी ठरवावं लागतं. कधीकधी जमत नसेल तर ‘शी कान्ट ऑल्वेज स्वॉलो टॅब्लेट्स’. कधीच जमत नसेल तर ‘शी कॅन नेव्हर स्वॉलो टॅब्लेट्स’. ‘शी ऑल्वेज कान्ट’ हा तिसरा प्रकार मी पुष्कळांच्या तोंडून ऐकते, तो सोडून द्या.

‘अजून’चं दुखणं वेगळं. मराठीत ‘अजून चालता येतं’ आणि ‘अजून चालता येत नाही’ दोन्हीत ‘अजून’ जागचा हलत नाही. इंग्रजीत होकारात ‘स्टिल’ कॅनच्या मागे जातो, ‘ही कॅन स्टिल वॉक’. नकारात तो कान्टच्या पुढे येतो, ‘ही स्टिल कान्ट वॉक’. ‘ही कान्ट स्टिल वॉक’ म्हणायचं नाही. त्याऐवजी ‘येट’ घेतलात तर तो सगळ्यात शेवटी: ‘ही कान्ट वॉक येट.’ या दोघांत भावाचा फरक आहे. ‘स्टिल कान्ट’मध्ये एव्हाना चालायला हवं होतं अशी थोडी काळजी आहे, ‘कान्ट येट’मध्ये चालतील हळूहळू असा दिलासा. नातेवाइकांशी बोलताना मी तुमच्या जागी असते तर ‘येट’ वापरला असता.

‘बहुतेक’ आणि ‘नक्की’ यांनाही नकारात पुढे आणायचं. ‘आय प्रॉबेब्ली कान्ट कम’, ‘आय डेफिनेटली कान्ट’. होकारात ते परत कॅनच्या मागे, ‘आय कॅन डेफिनेटली हेल्प’. आणि ‘तिला बसतापण येत नाही, चालतापण येत नाही’ याचं इंग्रजी करताना ‘ऑल्सो’ला हात लावू नका. ‘शी कान्ट ऑल्सो वॉक’ हे अस्सल भारतीय वाक्य आहे. ‘शी कान्ट सिट अप, अँड शी कान्ट वॉक आयदर’ म्हणा. बसण्यासारखं साधं कामही होत नाही यावर भर द्यायचा असेल तर ‘शी कान्ट ईव्हन सिट अप’.

आता एबल टू. सुरुवातीलाच एक तण उपटून टाकू: ‘आय कॅन एबल टू’ असं काही नसतं. कॅन म्हणजेच शकणे, आणि एबल टू म्हणजेही शकणे. एका वाक्यात एकच. कॅन काढून ‘ॲम’, ‘इज’, ‘वॉज’ यांतलं योग्य ते घाला. मग क्रियाविशेषणाची जागा आपोआप सुचेल, ती त्या ‘इज’ किंवा ‘वॉज’च्या मागे, ‘एबल’च्या पुढे. ‘ही इज नाऊ एबल टू सिट अप.’ ‘ही इज बेअरली एबल टू स्टँड.’ ‘ही इज नॉट येट एबल टू स्वॉलो.’ कसं ते सांगणारा शब्द मात्र इथेही शेवटीच, ‘ही इज एबल टू ईट इंडिपेंडंटली.’

काही जण ‘टू’ आणि क्रियापदाच्या मध्ये शब्द घालतात, ‘एबल टू ईझिली लिफ्ट’ असं. एकोणिसाव्या शतकातल्या व्याकरणाच्या पंडितांनी यावर नाकं मुरडली आणि जुन्या वळणाच्या शिक्षकांनी तो नियम देवाज्ञा मानला. आज इंग्रज लोक बोलताना असं सर्रास म्हणतात. चूक कोणी म्हणणार नाही, पण शेवटी ठेवून भागत असेल तर शेवटी ठेवा, वाक्य हलकं राहतं. ‘व्हेरी एबल टू’ टाळा. आता पूर्वीपेक्षा जास्त जमतंय असं सांगायला ‘बेटर एबल टू’ हा चांगला प्रयोग आहे: ‘शी इज बेटर एबल टू मूव्ह हर आर्म दिस वीक.’

फोनवर किंवा ऑनलाइन मुलाखतीत आपण सगळे ‘आय ॲम नॉट एबल टू हियर यू प्रॉपर्ली’ म्हणतो. व्याकरण चोख आहे, फक्त जड आहे. दिसणं, ऐकू येणं, दुखणं जाणवणं यांना इंग्रज माणूस कॅनच लावतो: ‘आय कान्ट हियर यू व्हेरी वेल’. आणि इथे तुमचा तो हार्डली अगदी योग्य जागी बसतो: ‘सॉरी, आय कॅन हार्डली हियर यू.’

फोनचा विषय निघालाच आहे तर उच्चाराचं एक सांगते. इंग्रज लोक होकारातला कॅन झरकन, जवळजवळ ‘कन’ असा गिळून टाकतात आणि कान्ट ठासून म्हणतात. आपण होकारातला कॅनही ठासून म्हणतो, त्यामुळे त्यांना कधीकधी नकार ऐकू येतो. पेशंटला जमतं की नाही यातच गफलत म्हणजे पंचाईत. अशा वेळी ‘कॅन नाऊ’, ‘कॅन ईझिली’ असा सोबती शब्द दिला की होकार पक्का कळतो.

भूतकाळात एक खड्डा आहे. काल एकदाच घडलेल्या गोष्टीला होकारात कुड चालत नाही. ‘यस्टरडे ही कुड वॉक टू द टॉयलेट’ ऐकून काल एकदा गेले की काल जायची ताकद होती, ते नीट कळत नाही. गेलेच असतील तर ‘ही वॉज एबल टू वॉक’ किंवा ‘ही मॅनेज्ड टू वॉक’. खूप प्रयत्नांनी जमलं असेल तर ‘ही फायनली मॅनेज्ड टू’, कसंबसं जमलं असेल तर ‘ही ओन्ली जस्ट मॅनेज्ड टू’. पण हार्डली किंवा बेअरली आले की कुड परत चालतो, कारण त्यांच्यात नकार आहे आणि नकारात कुडला कसलीच आडकाठी नाही: ‘यस्टरडे ही कुड बेअरली लिफ्ट हिज आर्म.’ हा नियम पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटतो. दोन-चार वाक्यं मोठ्याने म्हणा, बसेल.

ओईटीच्या स्पीकिंगमध्ये दोन रोल प्ले असतात, प्रत्येकी सुमारे पाच मिनिटांचे. समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक होतो आणि तुम्ही नर्सच असता. म्हणजे निम्मं काम विचारण्याचं आहे, आणि विचारताना हे शब्द थेट वाक्याच्या तोंडाशी येतात. ‘अप टू हाऊ मच यू कॅन वॉक?’ हे आपलं घरगुती इंग्रजी. विचारायचं असं: ‘हाऊ फार कॅन यू वॉक विदाउट स्टॉपिंग?’ तसंच ‘हाऊ वेल कॅन यू सी विथ युअर लेफ्ट आय?’ आणि ‘हाऊ लाँग कॅन यू स्टँड?’ प्रश्नशब्द, क्रियाविशेषण, कॅन, यू, असा क्रम. ‘यू कॅन’ म्हणालात की प्रश्न सपाट होतो. थोडं तरी हलवता येतं का, हे विचारायला शेवटी ‘ॲट ऑल’ जोडा: ‘कॅन यू मूव्ह युअर फिंगर्स ॲट ऑल?’ यातून काळजी कळते, आणि पेशंटला ‘थोडं हलतं’ असं उत्तर द्यायला वाव मिळतो.

मुलाखतीत स्वतःबद्दल सांगताना एकच सूचना. मोठमोठे शब्द लावून ‘आय कॅन एक्स्ट्रीमली हार्ड वर्क’ असं काही रचू नका. साधी वाक्यं ठेवा: ‘आय कॅन वर्क वेल अंडर प्रेशर.’ ‘आय कॅन यूज्वली सेटल अ न्यू पेशंट क्विकली.’ आणि जे येत नाही तेही सांगता आलं पाहिजे: ‘आय कान्ट डू दॅट इंडिपेंडंटली येट, बट आय कॅन डू इट विथ सुपरव्हिजन.’ तिथल्या इन्चार्जला हे वाक्य खोट्या बढाईपेक्षा जास्त आवडेल. आपली मर्यादा ओळखून काम करणं तिथल्या नर्सिंगमध्ये फार महत्त्वाचं मानतात.

सरावासाठी वेगळं पुस्तक घेऊ नका. ड्यूटी संपल्यावर त्या दिवशीच्या तीन पेशंटांबद्दल प्रत्येकी तीन वाक्यं लिहा: काय जमतं, काय जमत नाही, कालपेक्षा काय बदललं. पहिल्यात कॅन, दुसऱ्यात कान्ट किंवा स्टिल कान्ट, तिसऱ्यात इज नाऊ एबल टू. प्रत्येक वाक्यात एक क्रियाविशेषण असलंच पाहिजे आणि दोनपेक्षा जास्त नकोत. लिहून झालं की मोठ्याने वाचा. पेशंटचं नाव, बेड नंबर, आजाराचा खुलासा यातलं काही वहीत उतरवू नका, ‘अ’, ‘ब’, ‘क’ पुरे. आठवडाभराची वाक्यं पाठवलीत तर तपासून देईन, फक्त अक्षर या पत्रापेक्षा थोडं मोठं काढा.